इस्पितळापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांच्या वतीने: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
आणि आरोग्य खात्यातील सर्व संबंधित अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका आतल्या गावातून हे पत्र लिहीत आहे. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आज माझे वय ६८ आहे. घरात माझे पती आहेत. त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. आमच्या वाड्यावर साठी ओलांडलेली माणसे निम्म्याहून अधिक आहेत. त्यातल्या कितीतरी जणांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, कार्डे आणि तपासण्यांचे कागद माझ्याकडे असतात, कारण वाचून सांगायला दुसरे कोणी नाही.

आमचे म्हणणे आम्ही आधी रीतसर मांडले. ग्रामसभेत विषय काढला, पंचायतीने ठराव केला, निवेदन दिले. उत्तर आले नाही. म्हणून आता सर्वांसमक्ष लिहिते आहे.

आमच्या गावच्या उपकेंद्रात आठवड्यातून एक दिवस डॉक्टर येत असत. ठरलेल्या वारी सकाळी लोक काठी टेकत, सुनेचा नाही तर नातवाचा हात धरून चालत तिथे जायचे. रक्तदाब मोजला जायचा, बोट टोचून साखर बघितली जायची, महिनाभराच्या गोळ्या मिळायच्या. कोणी दोन आठवडे दिसले नाही तर नर्सबाई विचारायच्या आणि शेजारी निरोप न्यायचे. एवढीच ती व्यवस्था होती. काही महिन्यांपूर्वी ती थांबली. दारावर कागद लागला की यापुढे तपासणी आणि औषधे मुख्य आरोग्य केंद्रातच मिळतील आणि रुग्णाने स्वतः हजर राहायला हवे. कारण दिलेले नव्हते. चौकशी केल्यावर डॉक्टर कमी आहेत असे तोंडी सांगण्यात आले. त्या केंद्राचे नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसे आपुलकीने वागतात आणि हा निर्णय त्यांनी घेतलेला नाही.

या एका कागदाने काय झाले ते आपल्यापर्यंत कदाचित पोहोचलेच नसेल. ज्यांच्या घरी दुचाकी आणि चालवणारा आहे, ते केंद्रावर जातात. बाकीच्यांसाठी सकाळची बस. ती चुकली तर दिवस गेला. बस जिथे थांबते तिथून वाड्यापर्यंत चढण आहे. गुडघे धरलेल्या बाईला ती चढण म्हणजे अर्धा तास. केंद्रावर नोंदणीची रांग, डॉक्टरांची रांग, औषधांची रांग. मधुमेही माणूस उपाशीपोटी निघालेला असतो, कारण उपाशीपोटीची साखर तपासायची असते. परतीची बस दुपारची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की तीही येईल याची खात्री नसते. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, मुलगा आखातात आहे. त्यांनी गोळ्या निम्म्या करून घ्यायला सुरुवात केली. कोणाला सांगितले नाही. चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळले. महिन्याची पुडी दोन महिने पुरवत होत्या, म्हणजे केंद्रावर एकदा कमी जावे लागेल. त्या आजी अडाणी नाहीत, हट्टीही नाहीत. आपल्या अंगात जेवढा त्राण आहे तेवढ्यात त्यांनी हिशेब बसवला होता.

माझ्या पतींना तर बसमध्ये चढवताच येत नाही. त्यांच्या गोळ्या आणायला मी गेले तेव्हा, रुग्ण स्वतः आला पाहिजे, असे मला सांगण्यात आले. पुढच्या वेळी भाड्याची गाडी केली. दोघा जणांनी उचलून त्यांना गाडीत ठेवले, केंद्रावर उतरवले, डॉक्टरांनी दोन मिनिटे पाहिले आणि त्याच गोळ्या लिहून दिल्या. औषध फुकट मिळाले, गाडीचे भाडे आम्ही भरले. राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळणाऱ्या महिन्याच्या २००० रुपयांवर ज्यांचे घर चालते, त्यांनी असे भाडे कुठून भरावे? मला निवृत्तिवेतन आहे. वाड्यावरच्या बहुतेकांना नाही. जन्मभर दुसऱ्याच्या बागायतीत राबलेली, काजू वेचलेली, खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून काम केलेली ही माणसे.

मंत्रिमहोदय, आपले राज्य देशातल्या सर्वांत वयस्क राज्यांपैकी एक आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२ टक्के. केरळच्या खालोखाल आपण. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढलेच आहे. खेड्यांतले चित्र आणखी वेगळे आहे. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, तेव्हा आमच्या बाजूची तरुण मुले वेर्ण्याच्या कारखान्यांकडे, पणजीकडे, पुण्याकडे, आखाताकडे गेली. सासष्टी-बार्देश तालुक्यांत मुले इंग्लंडला गेली आणि मोठमोठ्या घरांत म्हातारी माणसे एकटी उरली. घर लहान असो वा मोठे, रात्री दोन वाजता छातीत दुखले तर दाराची कडी काढायलाही माणूस नाही, ही स्थिती दोन्हीकडे सारखीच.

आम्ही भीक मागत नाही. कायद्याने जे आमचे आहे ते मागतो आहोत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याचे २० वे कलम केवळ वैद्यकीय सोयींविषयी आहे. सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या इस्पितळांत शक्य तेथवर सर्व ज्येष्ठांना खाट मिळावी, त्यांची रांग वेगळी असावी, दीर्घकाळ चालणाऱ्या आणि बऱ्या न होणाऱ्या आजारांवरच्या उपचारांच्या सोयी वाढवाव्यात, प्रत्येक जिल्हा इस्पितळात ज्येष्ठांसाठी राखीव सोय असावी आणि तिचा प्रमुख वृद्धोपचाराचा अनुभव असलेला डॉक्टर असावा, असे त्यात लिहिले आहे. म्हातारपणी आणि आजारपणात सरकारने साहाय्य करावे, असे घटनेचे ४१ वे कलम सांगते. २०१० मध्ये केंद्राने ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तर सर्व तपशीलवार ठरवून दिले आहे. जिल्हा इस्पितळात १० खाटांचा वृद्धोपचार कक्ष. सामुदायिक केंद्रात आठवड्यातून दोनदा आणि प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची स्वतंत्र तपासणी. उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी द्यायच्या, काठी-वॉकरसारखी साधने पुरवायची.

हे सगळे कागदावर इतके चांगले आहे की त्यात भर घालायला माझ्याकडे फारसे काही नाही. पण आमच्या वाड्यावर अंथरुणाला खिळलेल्या एकाही माणसाच्या घरी या कार्यक्रमाखाली कोणी नियमित आलेले मला आठवत नाही. ज्येष्ठांचा वेगळा वार आमच्या केंद्रात आहे का, हे मी विचारले तेव्हा खिडकीवरच्या मुलीला प्रश्नच नवीन होता. तिला दोष नाही. तिला कोणी सांगितलेले नव्हते.

आता कार्डांविषयी, कारण हा विषय काढला की लगेच कार्डांची यादी ऐकवली जाते. राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये आली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे उपचार. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. या दोन्हींचा लाभ आमच्या गावातल्या लोकांनी घेतला आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, मांडीचे मोडलेले हाड जोडले गेले. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते.

पण ही कार्डे मुख्यत्वे इस्पितळात दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटल्यानंतरचे १५ दिवस धरले आहेत. सोळाव्या दिवशी काय? म्हातारपणाचे आजार सोळाव्या दिवशी संपत नाहीत. रक्तदाब, साखर, दमा, सांधेदुखी, थरथर, विसरणे, ऐकू न येणे, लघवीवर ताबा न राहणे, हे सारे घरात चालते, वर्षानुवर्षे चालते. २०१७-१८ च्या देशव्यापी वृद्धत्व सर्वेक्षणात साठीपुढच्या चारपैकी तिघांना एक तरी दीर्घकाळचा आजार असल्याचे आढळले. या चारपैकी तिघांना रोज लागते ती गोळी, महिन्याला एक तपासणी आणि विचारपूस करणारा माणूस. ते वेळेवर मिळाले तर पाच लाखांचे कार्ड वापरायची वेळ अनेकांवर येणारच नाही. रक्तदाबाची गोळी बुडाली म्हणून पक्षाघात झालेला माणूस कसा जगतो, हे मी माझ्या घरात रोज पाहते.

शिवाय कार्ड काढणे हेच एक संकट. आधारशी जोडलेला मोबाइल हवा, त्यावर येणारा ओळख पटवणारा आकडा (ओटीपी) हवा. आमच्या गावात रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागते. मोबाइल नसेल तर बोटांचे ठसे. ज्यांनी आयुष्यभर कोयता आणि फावडे हातात धरले, काजूच्या बियांच्या तेलात बोटे भाजून घेतली, त्यांच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत. यंत्र त्यांना ओळखत नाही. डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण ती करून देणारा माणूस आमच्याकडे यायला हवा ना? एका वृद्ध गृहस्थांचे कार्ड अजून झालेले नाही, कारण आधारवरची जन्मतारीख आणि चर्चच्या दाखल्यावरची तारीख जुळत नाही. पोर्तुगीज काळात जन्मलेल्या अनेकांच्या कागदांत अशी तफावत आहे. ते पंच्याहत्तरीचे असल्याचे सगळा गाव जाणतो, पण ते कागदावर सिद्ध होत नाही.

पुढची तक्रार प्रवासाची. १०८ ची रुग्णवाहिका ही गोव्यातली फार मोलाची सेवा आहे. आतल्या गावापर्यंत तिला पोहोचायला वेळ लागतो, तरी ती येते. रुग्णाला घेऊन जाते. मग दोन-चार दिवसांनी इस्पितळातून सोडतात, बहुधा संध्याकाळी. तेव्हा परत आणणार कोण? आणीबाणी संपलेली असते, म्हणून १०८ नाही. पोटाला टाके आहेत, नळी लावलेली आहे, अशा माणसाला बसस्टँडवर बसवून ठेवायचे का? आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने रात्र इस्पितळाच्या व्हरांड्यात काढली आणि सकाळच्या पहिल्या बसने आले. दोघेही सत्तरीच्या पुढचे. नेण्याची सोय आहे आणि आणण्याची नाही, ही गोष्ट जितक्या लवकर दुरुस्त होईल तितकी बरी, कारण याला ना नवा कायदा लागतो ना मोठा निधी.

मोठ्या इस्पितळातली तऱ्हा वेगळी. तिथे तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत, उपचार चांगले होतात. पण म्हाताऱ्या माणसाला एकच आजार क्वचित असतो. त्याला हृदयाचे डॉक्टर पाहिजेत, डोळ्यांचे पाहिजेत, हाडांचे पाहिजेत, आणि प्रत्येकाचा वार निराळा. एका सोमवारी हृदय, गुरुवारी डोळे, पुढच्या मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट. सत्तरी तालुक्याच्या टोकाहून किंवा काणकोणच्या खोतीगावातून एका बाजूला दोन तासांच्या आसपास प्रवास. प्रत्येक विभाग आपल्या गोळ्या लिहून देतो, आणि सगळ्या मिळून किती झाल्या, कोणती कोणत्या गोळीशी जुळत नाही, हे एकत्र बघणारा कोणी नसतो. माझ्याकडे वाड्यावरच्या एका काकांची पिशवी आहे. त्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिलेली होती. ते दोन्ही घेत होते. मी शिक्षिका आहे, औषधे मला कळत नाहीत. पाकिटावरचे बारीक अक्षर भिंगाने वाचले म्हणून लक्षात आले. वृद्धोपचाराचा डॉक्टर नेमका याच कामासाठी असतो. सगळा माणूस एकत्र पाहणारा.

कागदांच्या भाषेबद्दल थोडक्यात. संमतीपत्र, घरी सोडतानाचा कागद, पथ्य, गोळीची वेळ, सगळे इंग्रजीत. मराठी आणि कोकणी वाचणाऱ्या माणसाकडून न वाचता येणाऱ्या कागदावर सही नाही तर अंगठा घेतला जातो. हे थांबावे.

आता जे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते. पक्षाघातानंतर पहिले काही महिने व्यायामाचे असतात, तेव्हा हात-पाय जेवढे सुधारतील तेवढे सुधारतात. हे मला खूप नंतर समजले. इस्पितळातून सोडताना फिजिओथेरपीला यायला सांगितले होते. पण उठून बसू न शकणाऱ्या माणसाला आठवड्यातून तीनदा शहरात न्यायचे कसे, हे कोणी सांगितले नाही. माझ्या पतींचा हात तसाच आखडून गेला. पाठीला जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, भरवताना डोके उंच धरायचे असते म्हणजे ठसका लागत नाही, हे मला कोणी शिकवले नव्हते. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी येऊन दाखवले. त्यांनी एका दुपारी जे शिकवले, तेवढे सरकारी यंत्रणेतल्या कोणी पहिल्याच आठवड्यात येऊन शिकवले असते तर ती जखम झाली नसती. माझी कंबर आता उचलून उचलून गेली आहे. गावोगाव अशा बायका आहेत. म्हाताऱ्या नवऱ्याला, सासूला, आईला उचलणाऱ्या, स्वतःच्या गोळ्या विसरणाऱ्या. आरोग्य खात्याच्या कोणत्याही नोंदवहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

देशभर खेड्यांत आशा कार्यकर्त्या आहेत. घरोघर जाणारी, गावातलीच बाई. गोवा हे एकमेव राज्य आहे जिथे ही योजना राबवली गेली नाही. आमच्याकडे एएनएम म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिका आहेत, बहुउद्देशीय कर्मचारी आहेत, आणि त्यांच्यावर लसीकरणापासून डेंग्यूच्या डासांपर्यंत आणि २०१५ पासून सत्तरी तालुक्यात आलेल्या, गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापापर्यंत सगळा भार आहे. काजूच्या हंगामात माकड मेलेले दिसले की त्यांनाच धावावे लागते. त्यांनी आणखी म्हाताऱ्यांच्या घरी जावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माणसे वाढवल्याशिवाय हे होणार नाही.

आणि हे होऊ शकते, हे याच गोव्याने जगाला दाखवले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबांसाठी डॉ. अमित डायस आणि 'संगत' या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देशात एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर पाठवले. आजार समजावून सांगणे, रोजच्या वागण्यातल्या अडचणींवर उपाय सुचवणे, सरकारी योजना मिळवून देणे, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे, असे ते काम होते. त्याचे निष्कर्ष २००८ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापले गेले. काळजी घेणाऱ्यांवरचा मानसिक ताण त्याने कमी झाला. हे संशोधन इतर देशांत वाचले गेले. आमच्या तालुक्यापर्यंत मात्र ते पोहोचलेले नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच खात्याचे. छातीत कळ आलेला माणूस जवळच्या केंद्रात आला की तिथेच ईसीजी काढायचा, तो बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या (गोमेकॉ) हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचा आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचे, असा हृदयविकाराच्या झटक्यासाठीचा 'स्टेमी' प्रकल्प आपण सुरू केला. पूर्वी असा रुग्ण बांबोळीपर्यंत पोहोचेपर्यंत वेळ निघून जायचा. आपण तज्ज्ञांचे ज्ञान खेड्यापर्यंत नेले आणि माणसे वाचली. हृदयविकाराच्या झटक्यासाठी जे करता आले, ते रोजच्या म्हातारपणासाठीही करता येईल. १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झालेली ही भूमी आहे, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल एवढे हे राज्य. मोठ्या राज्यांना अंतराची सबब सांगता येईल, आपल्याला ती सांगता येणार नाही.

आमच्या मागण्या अशा.

बंद केलेली उपकेंद्रांतली डॉक्टरांची साप्ताहिक तपासणी पुन्हा सुरू करा, आणि फक्त आमच्या गावातली नव्हे. अशी तपासणी कुठे कुठे बंद झाली, का झाली, हे खात्याने जाहीर करावे. डॉक्टर कमी असतील तर वार पंधरवड्यातून एकदा ठेवा, पण तो ठरलेला असू द्या आणि पंचायतीच्या फलकावर लिहा.

प्रकृती स्थिर असलेल्या ज्येष्ठांना दोन किंवा तीन महिन्यांची औषधे एकदम द्या. अंथरुणाला खिळलेल्यांची औषधे घरच्या माणसाला किंवा शेजाऱ्याला नेऊ द्या. त्यासाठी डॉक्टरांची सही असलेले एक पुस्तक पुरेसे आहे. रुग्णाने स्वतः हजर राहण्याची अट या लोकांसाठी आजच्या आज रद्द करता येते. यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागत नाही.

प्रत्येक पंचायतीच्या हद्दीत घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांची नोंद करा. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, हे काम आवाक्यातले आहे. नोंद झालेल्या प्रत्येकाच्या घरी महिन्यातून एकदा प्रशिक्षित कर्मचारी आणि तीन महिन्यांतून एकदा डॉक्टर जावेत. यासाठी नवी पदे भरा आणि गावातल्याच बायकांना प्रशिक्षण व योग्य वेतन देऊन नेमा. मानधनाच्या नावाखाली तुटपुंज्या पैशांत त्यांना राबवू नका. तालुक्याला निदान एक फिरता फिजिओथेरपिस्ट द्या. शेवटच्या आजारात वेदना सोसत पडलेल्यांना घरी वेदनाशामक मिळावे. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचे नियम अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने सोपे झाले आहेत, त्यामुळे तेही अवघड नाही.

इस्पितळातून सोडलेल्या वृद्धाला घरी पोहोचवण्यासाठी प्रत्येक तालुक्यात गाडी ठेवा. आणि आतल्या गावांतून आलेल्या ज्येष्ठांना सर्व विभागांच्या वेळा शक्यतो एकाच दिवशी द्या, त्यांच्या सगळ्या औषधांची एकत्र तपासणी एका डॉक्टरने करावी.

सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड काढण्यासाठी पंचायतीत शिबिरे घ्या, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जा. ठसे उमटत नाहीत किंवा तारीख जुळत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका. मामलेदार किंवा पंचायत सचिवांच्या दाखल्यावर तात्पुरते कार्ड देण्याची सोय करा.

घरी सोडतानाचा कागद आणि संमतीपत्र मराठीत व कोकणीत द्या. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत.

आणि शेवटची मागणी. २००७ च्या कायद्याच्या २० व्या कलमातल्या आणि २०१० च्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या कोणत्या सोयी गोव्यात प्रत्यक्षात चालू आहेत, कुठल्या केंद्रात, कोणत्या वारी, कोणाच्या देखरेखीखाली, हे दरवर्षी विधानसभेच्या पटलावर ठेवा. आमच्या भागाच्या आमदारांनाही माझी विनंती आहे की त्यांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा.

गोव्यातल्या ज्येष्ठांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना एक सांगणे. तुमच्या गावातही अशी तपासणी बंद झाली असेल, औषधांसाठी स्वतः येण्याची अट घातली असेल, तर ग्रामसभेत विषय घ्या आणि ठरावाची प्रत जपून ठेवा. एका गावाचे निवेदन बाजूला ठेवता येते. अनेक गावांचे ठेवणे कठीण जाईल. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिच्यावरही तक्रार नोंदवा.

मंत्रिमहोदय, आमच्या पंचायतीचा ठराव आपल्या खात्यात पडून आहे. त्याचे लेखी उत्तर आम्हाला हवे आहे. उपकेंद्रातली तपासणी कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू होईल, आणि तोवर घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची औषधे कोण आणि कशी पोहोचवणार, एवढे त्यात स्पष्ट असावे. चतुर्थीच्या आधी ते मिळाले तर पावसाळ्याचे उरलेले दिवस तरी या माणसांना गोळ्यांविना काढावे लागणार नाहीत. आपण स्वतः किंवा आपले संचालक एका सकाळी आमच्या गावात आलात, तर मी आपल्याला घरोघर नेईन. अंतर फार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सत्तरी, गोवा